खेळ, मांडणी आणि संकलन : एएम ५ प्लॅटफॉर्मवरचे एक वर्ष

अकोल्यातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एकच डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यावर तिघांचा हक्क आहे. दिवसभर मी त्यावर लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांचे वार्षिक अंक आणि दुकानांच्या जाहिराती यांची मांडणी करते. लग्नसराईत माझे पती जे चित्रीकरण करून आणतात, त्याचे संकलन रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघे आळीपाळीने करतो. आणि उरलेला वेळ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या खेळांचा असतो. आधीचा संगणक दहा वर्षांचा झाला होता, विंडोज ११ त्याच्या प्रोसेसरला स्वीकारत नव्हते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झाले होते. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलमध्ये, उन्हाळ्यातील लग्नांच्या तोंडावर, आम्ही नवा संगणक असेंबल करून घेतला. त्यात एएमडीचा रायझन ९ ९९००एक्स हा बारा कोअरचा (म्हणजे आत बारा स्वतंत्र गणन-घटक असलेला) प्रोसेसर, बी ८५० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर ५ रॅम आणि १६ जीबी मेमरीचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. हे परीक्षण त्या संगणकाचे आहेच, परंतु त्याहून अधिक ते तो ज्यावर उभा आहे त्या एएमडीच्या एएम ५ प्लॅटफॉर्मचे आहे.

संगणकाच्या दुकानात बोलणे बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि तिथेच संपते. प्लॅटफॉर्म म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट, मदरबोर्ड, त्यावरचा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) आणि त्याला चालणारी रॅम हे सारे मिळून. ग्राफिक्स कार्ड दोन स्क्रू काढून बदलता येते, साठवणूक कधीही वाढवता येते, परंतु सॉकेट एकदा ठरले की पुढे कोणकोणते प्रोसेसर घेता येतील याची मर्यादा त्याच दिवशी ठरून जाते. हे मला जुन्या संगणकाने शिकवले. २०१९ मध्ये त्यातला इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर अपुरा पडू लागला, तेव्हा फक्त प्रोसेसर बदलावा या विचाराने मी दुकानात गेले. त्या सॉकेटसाठी नवे काही निघत नाही, म्हणून मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि मदरबोर्ड बदलला की डीडीआर ३ रॅमही चालणार नाही, असे करता करता सगळ्या पेटीचाच हिशोब पुढे आला. मी तशीच परत आले आणि आणखी सहा वर्षे त्याच संगणकावर काढली.

म्हणूनच या वेळी वेगाच्या आकड्यांआधी मी सॉकेटचा इतिहास पाहिला. इंटेलने २०१५ मध्ये एलजीए ११५१ आणले. २०१७ मध्ये आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव तेच ठेवले, पण जुने मदरबोर्ड चालेनासे झाले. २०२० मध्ये एलजीए १२०० आले, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एलजीए १७०० आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एलजीए १८५१. यांतल्या १७०० ला बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या अशा तीन पिढ्या लाभल्या, बाकीच्यांचे आयुष्य त्याहून कमी. एएमडीचा शिरस्ता निराळा राहिला. २०१७ च्या मार्चमध्ये पहिले रायझन प्रोसेसर ज्या एएम ४ सॉकेटवर आले, त्याच सॉकेटसाठी २०२२ च्या एप्रिलमध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, आणि २०१७ साली घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर तो बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करून बसवता आला. पाच वर्षांनी जुन्याच मदरबोर्डवर त्या वेळचा खेळांसाठीचा सर्वोत्तम प्रोसेसर बसतो, ही गोष्ट माझ्यासारख्या २०१९ मध्ये हात हलवत परतलेल्या बाईला फार मोठी वाटते. एएम ५ सप्टेंबर २०२२ मध्ये आले, त्यावर ७०००, ८०००जी आणि ९००० या मालिका चालतात, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवू असे एएमडीने २०२४ मध्ये सांगितले आहे. कंपनीच्या आश्वासनावर डोळे झाकून पैसे लावू नयेत, परंतु एएम ४ च्या बाबतीत जे प्रत्यक्ष घडले ते या आश्वासनाच्या पाठीशी आहे.

आता कामांकडे येते. मांडणीसाठी याच्या निम्म्या ताकदीचा प्रोसेसरही पुरला असता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांची बरीचशी कामे एका वेळी एकदोन कोअरच वापरतात, त्यामुळे बारापैकी बहुतेक कोअर दिवसभर स्वस्थ असतात; उपयोग होतो तो एकेका कोअरच्या वेगाचा, भरपूर रॅमचा आणि वेगवान एसएसडीचा. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात मंडळांच्या वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सच्या सातआठ फाइली एकाच वेळी उघड्या असतात, शेजारी व्हॉट्सॲपवरून आलेले कार्यकर्त्यांचे फोटो कापून ठेवणे चालू असते, आणि त्या गर्दीत या संगणकाने एकदाही ताटकळत ठेवलेले नाही.

विंडोज की मॅक हा प्रश्नही आमच्यापुरता मांडणीच्या टेबलावरच निकालात निघाला. महाराष्ट्रातील कोणत्याही छापखान्याशी संबंध असलेल्या माणसाला हे ओळखीचे असेल. आमची पंधरा वर्षांची कामे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत आणि सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटांत आहेत, म्हणजे युनिकोड रुळण्याआधीच्या जुन्या सांकेतिक पद्धतीत. ‘थोरल्याच्या लग्नातलीच पत्रिका काढा ताई, आणि फक्त नावे बदलून द्या,’ असे सांगणारे गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तरी येते. ती फाइल ज्या प्रणालीवर जशी घडली तशीच उघडावी लागते. दुसरीकडे नेली की एकेक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावे लागते, आणि रफार एका अक्षराने सरकला तर ‘सूर्यवंशी’ या आडनावाचे काय होते ते मी एकदा पाहिले आहे. सुदैवाने ते छपाईआधी पाहिले. कोरलड्रॉ २०१९ पासून मॅकवरही मिळते, परंतु अडचण कोरलड्रॉची नव्हती, त्यातल्या मराठीची होती.

संकलन हा मात्र आमच्या निवडीचा खरा निकष होता, कारण आमचा सर्वाधिक वेळ आणि झोप त्यातच जात होती. माझ्या पतींचे दोन्ही कॅमेरे सोनीचे आहेत आणि ते ४के चित्रण एक्सएव्हीसी एचएस या प्रकारात, म्हणजे चित्रण आवळून साठवण्याच्या एच २६५ पद्धतीने, १० बिट ४:२:२ मध्ये करतात. ४:२:२ याचा अर्थ असा की प्रत्येक बिंदूचा उजेड पूर्ण नोंदवला जातो आणि रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी ठेवली जाते. नेहमीच्या ४:२:० मध्ये ती चौथाईच उरते. हा फरक हळदीच्या कार्यक्रमात डोळ्यांना दिसतो. नवरीच्या हातावरची ओली हळद, तिच्या शेजारी हिरवा चुडा आणि मागे मांडवाचे लाल कापड, अशा दृश्यात रंग थोडे जरी ओढले तरी ४:२:० मधले पिवळ्या-हिरव्याचे काठ फाटल्यासारखे दिसू लागतात, ४:२:२ मध्ये ते टिकतात.

अडचण अशी की एच २६५ मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण चौकट असते आणि बाकीच्या तिच्याशी व एकमेकींशी ताडून केवळ फरकाच्या रूपात ठेवलेल्या असतात. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरीची मान वर होते, ती नेमकी चौकट शोधण्यासाठी मी टाइमलाइनवर मागे-पुढे सरकते, तेव्हा संगणकाला प्रत्येक वेळी मागच्या पूर्ण चौकटीपासून सगळे उलगडत यावे लागते. हे उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र रचना असेल तर ते क्षणात होते. नसेल तर तो सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो आणि चित्र धक्के खात चालते. जुन्या संगणकावर आम्ही रात्री हलक्या दर्जाच्या प्रॉक्सी फाइली बनवायला लावून झोपत असू आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करत असू.

इथेच प्लॅटफॉर्मच्या निवडीतला सर्वांत नाजूक मुद्दा आहे, आणि विक्रेत्यांपैकी एकानेही तो आपण होऊन काढला नाही. एच २६५ चे १० बिट ४:२:२ उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये, क्विक सिंक या नावाने, अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकांत ती नव्हती, आणि रायझनमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्येही नाही. म्हणजे २०२४ पर्यंत मला कोणी विचारले असते, तर अशा कॅमेऱ्यांचे चित्रण संकलित करणाऱ्याने इंटेलच घ्यावे, असे मी निःशंकपणे सांगितले असते. जानेवारी २०२५ पासून आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेने हे चित्र बदलले, कारण तिच्यात ४:२:२ उलगडण्याची आणि भरण्याची दोन्ही सोयी आल्या, आणि त्याच वर्षात प्रीमियर प्रो व दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या प्रोग्रॅमांपैकी पहिल्याने आणि दुसऱ्याच्या सशुल्क स्टुडिओ आवृत्तीने त्यांचा वापर सुरू केला. हे कार्ड बाजारात आले नसते, तर हे परीक्षण आज दुसऱ्याच प्लॅटफॉर्मचे झाले असते. आता दोन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाखाली एक लावून मी मल्टिकॅमवर सरळ काम करते आणि प्रॉक्सी बनवणे आम्ही जवळपास बंद केले आहे. ज्यांच्याकडे आरटीएक्स ४० मालिकेचे चांगले कार्ड आधीच आहे आणि कॅमेरा ४:२:२ चा आहे, त्यांनी मात्र आजही इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा गंभीरपणे विचार करावा. कोअर अल्ट्रा ७ २६५के हा वीस कोअरचा प्रोसेसर संकलनात उत्तम आहे. खेळांत तो अपेक्षेइतका उतरला नाही, एवढेच.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हा प्रोग्रॅम रंगसंस्करण, नॉइज काढणे आणि इफेक्ट यांचे बहुतेक ओझे ग्राफिक्स कार्डावर टाकतो, त्यामुळे कार्डाची मेमरी प्रोसेसरच्या दोनचार कोअरपेक्षा महत्त्वाची ठरते. आरटीएक्स ५०६० टीआय या एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डे मिळतात, आणि खोक्यावरचा तो आकडा न वाचता स्वस्त दिसले म्हणून ८ जीबीचे घेणारा माणूस ४के संकलनात पहिल्याच महिन्यात पस्तावेल. ब्लेंडरमध्ये त्रिमितीय काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

खेळांच्या बाबतीत आमच्या घरात मतभेद होता, आणि मुलाचे म्हणणे चूक नव्हते. खेळ थोडीच माहिती पुनःपुन्हा आणि घाईने मागतात; ती प्रोसेसरच्या पोटातल्या कॅश नावाच्या छोट्या, अतिवेगवान मेमरीत मिळाली तर रॅमपर्यंतची खेप वाचते. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांमध्ये हीच कॅश एकावर एक थर रचून वाढवलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी तिसऱ्या पातळीची कॅश आहे आणि तो जादा थर कोअरच्या खाली नेला आहे, जेणेकरून कोअरची उष्णता वरच्या कूलरकडे सरळ जावी. केवळ खेळांसाठी घ्यायचे असते तर आठ कोअरचा तोच प्रोसेसर आमच्या बारा कोअरपेक्षा सरस ठरला असता. परंतु लग्नाचा चित्रपट पूर्ण झाल्यावर त्याची अंतिम फाइल बाहेर काढताना, आवाज साफ करताना आणि मागे एक रेंडर (अंतिम चित्र तयार होणे) चालू असताना पुढे मांडणी करताना जादा कोअर उपयोगी येतात, म्हणून मी ९९००एक्सवर अडून राहिले. दोन्ही गुण एकत्र असलेला सोळा कोअरचा ९९५०एक्स३डी मार्च २०२५ मध्ये आला होता, पण त्याच्या किमतीत आमच्या ग्राफिक्स कार्डाला कात्री लावावी लागली असती. आमचा मॉनिटर २७ इंची, १४४०पी चा आहे, आणि त्यावर मोठे खेळ चालवताना बहुतेक वेळा मर्यादा प्रोसेसरची नसून कार्डाची असते, हे मुलाने आता मान्य केले आहे. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की विंडोज ११ वर तो खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी मागतो. दोन्ही एएम ५ च्या बायोसमध्ये असतात, पण सिक्युअर बूट कधीकधी स्वतः चालू करावे लागते.

कोणताही प्लॅटफॉर्म निर्दोष नाही, आणि ज्यांना दुकानदार ‘अमुकच घ्या, तमुक जळतात’ असे सांगतात त्यांना दोन्ही बाजू माहीत असाव्यात. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. त्याआधी २०२३ च्या एप्रिलमध्ये एएम ५ च्या काही मदरबोर्डांवर रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणे समोर आली होती आणि एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे बायोस काढायला लावले होते. या दोन्हींतून निघणारी व्यवहाराची गोष्ट एकच आहे : असेंबल झाल्याबरोबर, विंडोज टाकण्याच्याही आधी, मदरबोर्डाच्या संकेतस्थळावरून नवे बायोस पेनड्राइव्हवर घेऊन भरावे. जुन्या प्लॅटफॉर्मवर हे न करता चालत असे, आता करावेच.

रॅमवर थोडे अधिक लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकता चुकता वाचले. एएम ५ वर फक्त डीडीआर ५ चालते. ६४ जीबी करायचे तर १६ च्या चार पट्ट्या की ३२ च्या दोन, यात त्या वेळी चार पट्ट्या किंचित स्वस्त पडत होत्या आणि चारही खाचे भरलेले पेटीत शोभून दिसतात, म्हणून माझा कल तिकडे होता. परंतु ९००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५६०० आणि चार पट्ट्यांना ३६०० असा आहे, म्हणजे पैसे देऊन रॅम हळू करून घेतल्यासारखे झाले असते. आम्ही ३२ च्या दोन घेतल्या. पहिल्यांदा चालू केले तेव्हा पंखे फिरू लागले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. मुलगा आणि मी टेबलापाशी श्वास रोखून उभे होतो. काही मिनिटे गेल्यावर त्याने बटण दाबून बंद करायला हात पुढे केला आणि मी तो धरला, कारण मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या वेळी रॅमची जुळणी होण्यास वेळ लागतो असे वाचलेले होते. थोड्या वेळाने बायोस दिसले. हा बिघाड नाही, डीडीआर ५ ची ती रीतच आहे, आणि असेंबल करणाऱ्याने गिऱ्हाइकाला ती आधी सांगायला हवी.

२०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवली, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे ज्यांच्याकडे एएम ४ चा मदरबोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर ४ आहे, त्यांना आज मी एएम ५ कडे धाव घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यांनी त्याच मदरबोर्डवर ५००० मालिकेतला आठ किंवा बारा कोअरचा प्रोसेसर घालावा आणि उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. आमचा हिशोब सुरुवातीपासून सारेच नवे घेण्याचा होता म्हणून निराळा होता.

आमच्याकडचा उन्हाळा हा संगणकाच्या कोणत्याही परदेशी परीक्षणात नसलेला विषय आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि बंद खोलीतली हवाही अंगाला भाजते. रायझन ९००० मालिका ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेली आहे, तरी खोलीच चाळिशीत असताना कूलरला फेकायला थंड हवा मिळत नाही. ९९००एक्स नेहमीच्या स्थितीत १६२ वॅटपर्यंत वीज खेचू शकतो. बायोसमधला ६५ वॅटचा इको मोड निवडला की ती मर्यादा ८८ वर येते. आम्ही एप्रिलअखेर ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो लावून ठेवला. मांडणीत आणि खेळांत मला काही फरक जाणवला नाही, मोठे रेंडर मात्र थोडे लांबले, आणि पंख्यांचा आवाज इतका उतरला की आवाजाचे संकलन हेडफोनशिवाय करता आले. दुसरी गोष्ट वाळ्याच्या कूलरची. त्याची ओलसर हवा थेट पेटीवर आली की धूळ चिखलासारखी जाळीवर बसते, म्हणून आम्ही पेटी कूलरच्या झोतातून बाजूला घेतली आणि पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडतो.

वीजपुरवठ्याच्या डब्याबद्दल, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, मला कळकळीने सांगायचे आहे. जुन्या संगणकात आम्ही पेटीसोबत आलेला एक स्वस्त एसएमपीएस तसाच वापरत होतो. एका पावसाळी संध्याकाळी वीज जाऊन येताच त्याने जीव सोडला आणि जाताना हार्डडिस्क सोबत नेली. त्या डिस्कवर एका लग्नाचे चित्रण होते. कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या कार्डवर त्याची प्रत चालू ठेवण्याची माझ्या पतींची सवय होती आणि ते कार्ड पुसलेले नव्हते, म्हणून त्या कुटुंबाला तोंड दाखवता आले. नव्या संगणकात आरटीएक्स ५०७० टीआयचे ३०० वॅट आणि प्रोसेसरचे १६२ धरून आम्ही नावाजलेल्या कंपनीचा ८५० वॅटचा एसएमपीएस घेतला आणि साइन वेव्ह देणारा यूपीएस लावला. कार्डाचा सोळा पिनांचा वीजजोड शेवटपर्यंत, टक् असा आवाज येईपर्यंत, बसला आहे ना हे टॉर्च धरून पाहावे. अर्धवट बसलेला जोड तापतो.

मॅकचा विचार मी मांडणीवरून बाजूला ठेवला असला, तरी जे फक्त संकलन करतात त्यांच्यासाठी तो फार चांगला पर्याय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एम ४ चिपचा मॅक मिनी १६ जीबी मेमरीसह ५९,९०० रुपयांना निघाला, तळहाताहून थोडा मोठा आहे, ४:२:२ चे एच २६५ आणि ॲपलचा प्रोरेस हे दोन्ही प्रकार सहज उलगडतो आणि उन्हाळ्यातही जवळजवळ आवाज करत नाही. परंतु साठवणूक २५६ ऐवजी ५१२ जीबी हवी तर ७९,९०० आणि मेमरीही २४ जीबी हवी तर ९९,९०० अशी त्याची किंमत तेव्हा चढत जात होती, घेतलेली मेमरी पुढे कधीच वाढवता येत नाही, आणि व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ त्यावर चालत नाहीत. तीन माणसांच्या घरात एकाला संपूर्ण वगळणारे यंत्र आम्हाला घेता आले नसते. लिनक्सवर रिझॉल्व्ह चालते, पण त्याची मोफत आवृत्ती तिथे एच २६४ आणि एच २६५ उघडत नाही, हे अनेकांना उतरवून घेतल्यावरच कळते.

खरेदी कुठून करावी याचा निर्णय आम्ही किमतीवर घेतला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही भाग स्वस्त मिळत होते आणि ऑनलाइन त्याहूनही थोडे कमी, परंतु मदरबोर्ड बंद पडला तर तो घेऊन मुंबईला कोणी जायचे, हा प्रश्न होता. प्रोसेसर, रॅम आणि कार्ड आम्ही गावातल्याच दुकानातून घेतले आणि दुकानदारांना तीन गोष्टी आधी सांगितल्या : प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच हवा, कारण खोक्याशिवाय ट्रेमधून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरची हमी बहुधा दुकानापुरतीच असते, जीएसटीच्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक हवा, आणि असेंबल करताना आम्ही समोर बसणार. ‘बसा की ताई, मलाही सोबत होईल,’ असे म्हणून त्यांनी खुर्ची दिली. सॉकेटची झाकणी उघडून १७१८ सोनेरी पिनांवर प्रोसेसर अलगद ठेवताना आणि खटका दाबल्यावर होणारा करकर आवाज ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता. एएम ४ मध्ये पिना प्रोसेसरला असत आणि कूलर ओढताना तो सॉकेटमधून उपटून निघण्याची भीती असे. ती भीती इथे उरलेली नाही, मात्र मदरबोर्डावरची एक पिन वाकली तर मदरबोर्डच गेला, म्हणून हे काम हाताला सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

एएम ५ बद्दल माझ्या तक्रारी आहेत. बी ६५०, बी ६५०ई, बी ८५०, एक्स ८७०, एक्स ८७०ई ही नावे ग्राहकाला काहीच सांगत नाहीत. काही मदरबोर्डांवर एसएसडीचा विशिष्ट खाचा वापरला की ग्राफिक्स कार्डाला मिळणाऱ्या, माहिती ने-आण करणाऱ्या मार्गिका सोळावरून आठवर येतात, आणि ही माहिती खोक्यावर नसते, पुस्तिकेतल्या बारीक तक्त्यात असते. आम्ही तो तक्ता वाचून मदरबोर्ड निवडला. विंडोज व प्रोग्रॅम एका एसएसडीवर, चालू लग्नांचे चित्रण आणि रिझॉल्व्हच्या तात्पुरत्या फाइली दुसऱ्या एसएसडीवर, आणि पूर्ण झालेली कामे दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, अशी आमची व्यवस्था आहे. तिसऱ्या एसएसडीसाठी एक खाचा अजून मोकळा आहे आणि भाव उतरले की तोच आधी भरणार आहे, कारण पुढच्या हंगामापासून माझे पती तिसरा कॅमेरा लावण्याचे म्हणत आहेत. प्रोसेसर मात्र २०२७ पर्यंत बदलायचा नाही असे ठरले आहे. त्यानंतर याच मदरबोर्डवर मुलाच्या आवडीचा एक्स३डी बसवायचा, आणि बारा कोअरचा जुना विकून त्यातले निम्मे पैसे त्याने भरायचे, हेही त्याच्याकडून वदवून घेतलेले आहे.